न्हाय म्हणजे काय

प्रभु रडायला लागला तसा माईकही शिट्टी मारायला लागला.

"माझी लक्ष्मी गेली हो, जजसाहेब!" असं ओरडून त्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यावर डोकं टेकलं. पिंजरा म्हणजे हॉटेलवाल्याने दिलेलं भाषणाचं लाकडी स्टँड होतं. ते डगमगलं. पुढच्या रांगेत बसलेल्या लातूरच्या वकिलांनी आपापले चहाचे कप उचलून धरले.

पायलने त्याला एवढंच विचारलं होतं, की तुमचं नाव काय.

"थांबा, थांबा," कोनापुरे साहेब म्हणाले. "अहो, हे नाटक झालं. खरा साक्षीदार असा रडतो का?"

"सर, हौशी नाटकात मला अभिनयाचं बक्षीस हाय," एका वकिलांचा कारकून असलेला प्रभु डोळे पुसत म्हणाला.

"म्हणूनच."

सगळा हॉल हसला. मी मागच्या दारापाशी कागदांच्या गठ्ठ्यांजवळ उभा होतो. मला हसू आलं नाही. माझं लक्ष पायलकडे होतं. ती हातातल्या प्रश्नांच्या कागदावरचा पहिलाच प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत होती.

अपघाताच्या दाव्यांत विमा कंपनीच्या बाजूने उभं राहणाऱ्या वकिलांचं ते शिबिर होतं. गाडीखाली माणूस जातो, घरचे भरपाई मागतात आणि आमच्या बाजूचे वकील ती कमी व्हावी म्हणून भांडतात. मी बरीच वर्षं अशाच एका वकिलांचा, अण्णारावांचा, कारकून आहे. दरवर्षी आसपासच्या जिल्ह्यांतले हे वकील एका ठिकाणी जमतात, नवे निकाल समजून घेतात, उलटतपास कसा घ्यायचा ते एकमेकांना दाखवतात आणि जेवताना कार्डं वाटतात. यंदा पाळी सोलापूरची होती. होटगी रोडवरच्या हॉटेलचा हॉल मीच ठरवला होता. फ्लेक्सवाल्याने मात्र 'दिवाणी बचाव पक्ष' याच्याऐवजी 'नागरी संरक्षण' असं छापून आणलं, आणि सकाळपासून जो येईल तो मला विचारत होता, "काय जोतिराम, हवाई हल्ल्याचा भोंगा किती वाजता?"

मी सगळ्यांना हसून उत्तर देत होतो, पण काळजी पायलची होती.

पायल अण्णारावांची ज्युनिअर. तिच्या वडिलांचं टेंभुर्णीला हायवेच्या चौकात पंक्चरचं दुकान आहे. अण्णारावांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी ऑफिस बंद करायचं ठरवलं. माझं वय झालं आहे, माझं कसंही भागेल. पायलचं तसं नव्हतं. विमा कंपनीच्या वकिलांच्या यादीत तिचं नाव लागलं तर अण्णारावांची कामं तिच्याकडे जाणार होती आणि ती सोलापुरात स्वतःच्या पायावर उभी राहणार होती. नाही लागलं तर घरी परत. वडिलांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, स्थळही बघून ठेवलं होतं. यादीत सोलापूरची एकच जागा होती. ती कुणाला द्यायची ते पुण्याहून आलेले कंपनीचे कोनापुरे साहेब आज उलटतपासाचं प्रात्यक्षिक बघून ठरवणार होते, आणि दुपारच्या गाडीने परत जाणार होते.

"दुसरं कुणी नाही का?" कोनापुरे साहेबांनी विचारलं. "साधा माणूस हवा. ड्रायव्हर, शिपाई, कुणीही. गावाकडचं बोलणारा."

अण्णारावांनी हॉलभर नजर फिरवली. ती माझ्यावर आली आणि लगेच बाजूला झाली. माझी बायको म्हाळसा गेली तेव्हा स्मशानात ते माझ्या शेजारी उभे होते. दिवाळी तोंडावर होती. चुलीपुढे बसली होती, डोकं दुखतंय म्हणाली आणि कलंडली. डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्तस्राव झालाय. त्यानंतर ती बोललीच नाही.

"एन माडोदु, काय करायचं आता," अण्णाराव पुटपुटले. घाबरले की ते कानडीत बोलतात.

कोनापुरे साहेबांनी घड्याळ बघितलं. "मग हे प्रात्यक्षिक सोडून देऊ. मॅडम, तुमचं पुढच्या वर्षी बघू."

पायलने कागदाची घडी घातली.

"मी हुबा ऱ्हातो की, सायेब," मी म्हणालो. आवाज माझा मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

स्टँडपर्यंत जाताना पायल आडवी आली. हळू आवाजात म्हणाली, "काका, नको. विषय काय आहे माहीत आहे ना तुम्हाला?"

"म्हाईत हाय. तू इचारायचं तेवढं इचार. मला काय, रोजचंच हाय."

रोजचं होतं हे खरं. पण मी रोज पिंजऱ्याच्या बाहेर असायचो.

प्रभुने त्याची चिठ्ठी माझ्या हातात दिली. त्यानुसार माझं नाव बिरुदेव. मोहोळ तालुक्यातला. बायको रस्ता ओलांडताना टेम्पोखाली आली. दाव्यात लिहिलं होतं की ती शिवणकाम करून घर चालवायला हातभार लावायची. पायलने दाखवायचं होतं की ती असं काही करत नव्हती. न्यायाधीशाच्या खुर्चीवर दानेश्वरी मॅडम होत्या. निवृत्त होऊनही त्यांची कोर्टातली नजर तशीच होती. बाजूला लघुलेखक टाइप करत होता आणि त्याचं टाइप केलेलं भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होतं, म्हणजे सगळ्यांना शिकता यावं.

सकाळच्या तासात कोनापुरे साहेबांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. "हवं ते उत्तर मिळालं की खाली बसा. आणखी एक प्रश्न विचारायचा मोह होतो. तो प्रश्न विचारला की हातातली केस गेली." सगळ्यांनी ते लिहून घेतलं होतं. पायलने त्याखाली रेघ मारली होती, मी बघितलं होतं.

तिने सुरुवात चांगली केली. नाव, गाव, शेती किती, मुलं किती. मी चिठ्ठीतलं बोलत गेलो. बिरुदेवला मूल नव्हतं. ते आमचंही तसंच होतं, म्हणून तिथे अडखळलो नाही.

"तुमच्या पत्नी शिवणकाम करत होत्या असं तुम्ही म्हणता."

"व्हय."

"कुठे शिकल्या?"

चिठ्ठीत नव्हतं. "माहेरी," मी म्हणालो.

"कुणाकडे?"

"आईकडं आसंल."

"असेल म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

मागे कुणीतरी हसलं. पायलच्या आवाजाला धार आली होती. ती बरोबर चालली होती. मला बरं वाटत होतं आणि घामही येत होता. चिठ्ठी घामाने मऊ झाली होती, अक्षरं पुसायला लागली होती. पुढे काय विचारेल याचा मी अंदाज बांधत होतो आणि प्रत्येक वेळी चुकत होतो. बाहेर उभं राहून वाटतं की साक्षीदार मुद्दाम गप्प राहतो. तसं नसतं. तोंड कोरडं पडतं, जीभ उचलत नाही.

"या कामासाठी घरात काय साधन होतं?" पायलने विचारलं.

मला काहीतरी उत्तर द्यायचं होतं.

"तवा," मी म्हणालो.

सगळा हॉल खदखदून हसला. "तव्यावर शिवत होती की काय हो?" कुणीतरी ओरडलं. दानेश्वरी मॅडमनी टेबलावर बोटं आपटली तरी हसू थांबेना. कोनापुरे साहेबही हसले आणि पायलला हाताने खूण केली, की चालू द्या, सोडू नका.

पायल हसत नव्हती.

तिला माहीत होतं कुठला तवा. टेंभुर्णीहून नवीन आली तेव्हा खानावळीचं तिला मानवत नव्हतं, म्हणून मी तिला एकदा घरी घेऊन गेलो. म्हाळसा चुलीपुढे होती. ती कडक भाकरी करायची. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची, मग निखाऱ्याभोवती उभी करून पापडासारखी कडक होऊ द्यायची. नवी पेठेतल्या एका दुकानात तिच्या भाकरी जायच्या. माझ्या पगारावर घर चाललं असं लोक म्हणतात. घर त्या तव्यावर चाललं. तिची बोटं पुढून गुळगुळीत झाली होती, आधार कार्डाच्या वेळी मशीनवर ठसा उमटेना. पायलला बघून ती म्हणाली होती, "काय गं, वकील ना तू? मग आमच्या ह्यांला जरा दम दी. तिखट कमी खा म्हनते तर ऐकत न्हाईत." त्या दिवसापासून पायल तिला मावशी म्हणायला लागली. दर रविवारी यायची, चुलीपाशी बसून शेंगाचटणीबरोबर भाकरी खायची, कायद्याचं पाठ करायची. म्हाळसा तिला मध्येच थांबवून विचारायची, "ह्ये पुन्ना सांग, मला कळलं न्हाई." पायल म्हणायची, मावशीला सांगितलं की मला कळतं.

दुकानवाला आता अधूनमधून भेटतो. म्हणतो, गिऱ्हाईक अजून विचारतं, त्या बाईंच्या भाकरी नाहीत का.

"म्हणजे शिलाई मशीन नव्हतं," पायल म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता.

"मशीन न्हवतं."

"शिवणकाम नव्हतं."

"शिवण न्हवतं."

मग तिने कागदाकडे बघितलं. तो प्रश्न कागदावर लिहिलेला होता, मीच सकाळी त्याची झेरॉक्स आणली होती. माझ्याकडे न बघता तिने तो वाचला.

"म्हणजे तुमच्या पत्नी कमाईचं कुठलंही काम करत नव्हत्या."

"न्हाय," मी म्हणालो.

आता हे सांगायला हवं. आमच्या भागात या उत्तराने कोर्टात फार घोळ होतो. 'तुम्ही पाहिलं नाही' असं विचारलं की माणूस 'न्हाय' म्हणतो. त्याचा अर्थ 'नाही पाहिलं' असा होतो, आणि 'तसं न्हाय, पाहिलं की' असाही होतो. मान कशी हलली, आवाज कुठे चढला यावरून घरच्या माणसाला कळतं. कागदावर मान उमटत नाही. म्हणून आमच्या बाजूचे जुने वकील प्रश्न मुद्दाम असाच उलटा विचारतात.

मी 'तसं न्हाय' म्हणालो होतो. मान जोरात हलली होती, ते मला नंतर जाणवलं.

दानेश्वरी मॅडम लघुलेखकाला सांगायला लागल्या होत्या. पुढच्या रांगेतले वकील एकमेकांकडे बघून माना डोलावत होते. कोनापुरे साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. पायलला हवं ते उत्तर मिळालं होतं. आता तिने 'उलटतपास संपला' म्हणायचं आणि बसायचं. मी मनात म्हणत होतो, बस पोरी, बस.

ती बसली नाही.

"मॅडम, लिहू नका, एक मिनिट," ती न्यायाधीशांना म्हणाली. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "साक्षीदार, न्हाय म्हणजे काय? काम करत नव्हत्या असं? का तुम्ही म्हणता तसं न्हाय?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. अण्णारावांनी कपाळाला हात लावला. लातूरचे एक वकील मोठ्याने म्हणाले, "गेली! केस गेली!" कोनापुरे साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं, पण चालत नव्हतं. ते वाट बघत होते.

पायलचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. तिला उत्तर माहीत होतं. तिने मला मोकळं केलं होतं. मी फक्त म्हणायचं होतं, करत होती की, रोज पहाटेपासून करत होती. तोंडात आलं होतं. मी ते म्हणालो असतो तर सगळ्यांदेखत तिचा प्रश्न चुकला असता. ती टेंभुर्णीला गेली असती. आणि ते मला म्हाळसानेही माफ केलं नसतं.

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मी स्टँडची कड घट्ट धरली.

"न्हाय करत," मी म्हणालो. "कायच करत नव्हती, मॅडम. घरीच असायची."

पडद्यावर अक्षरं एकामागून एक आली. 'हे खरे आहे की, माझी पत्नी कोणतेही काम करत नव्हती. ती घरीच असायची.'

"उलटतपास संपला," पायल म्हणाली. ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलंही नसेल.

टाळ्या वाजल्या. कोनापुरे साहेब उठून उभे राहिले. "हे नीट समजून घ्या," ते सगळ्यांना म्हणाले. "मी सकाळी सांगितलं, जास्तीचा प्रश्न विचारू नका. या मॅडमनी तो विचारला, आणि बरोबर केलं. या तालुक्यांतला न्हाय अपिलात दोन्हीकडे वळतो. त्यांनी तो तिथल्या तिथे पक्का करून घेतला. याला हिंमत लागते. आणि साक्षीदार! साक्षीदारांसाठीही टाळ्या होऊ द्या."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी चिठ्ठी प्रभुला परत दिली आणि खाली उतरलो.

जेवणाच्या वेळी मी मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. तिथे जनरेटर होता, म्हणून कुणी येत नव्हतं. पण प्रभु ताट घेऊन आलाच.

"काका, तुमी माझं काम खाल्लं बघा," तो म्हणाला. "राग न्हाई माझा. पण त्ये तवा म्हनालात, त्ये सुचलं कसं वो? मला जल्मात सुचलं नसतं."

"तोंडातनं गेलं."

"आन् शेवटाला कसं म्हनालात, घरीच असायची. मी खरंच रडलो. ह्या टायमाला खरं."

"जेव तू. भात गार व्हतोय."

तो गेल्यावर पायल आली. तिच्या हातात ताट नव्हतं, कोनापुरे साहेबांचं कार्ड होतं. ती उभीच राहिली.

"काय म्हनले सायेब?" मी विचारलं.

"पत्र पाठवतो म्हणाले. नाव यादीत घेतलं."

"ब्येस झालं. वडलांना फोन केला?"

"काका, मी विचारलं होतं ना तुम्हाला. नीट विचारलं होतं. का नाही बोललात?"

"बोललो की. सगळ्यांनी ऐकलं."

"मला मावशींचं उत्तर हवं होतं."

"मावशी कुटनं आली? त्यो बिरुदेव हुता, मोहोळचा. त्याच्या बायकोला म्या कुटं बघितलंय?"

तिने ते कार्ड पर्समध्ये टाकलं. मग पायरीवर बसली आणि तोंड ओढणीत घातलं. जनरेटरच्या आवाजात तिचं रडणं ऐकू येत नव्हतं, फक्त खांदे दिसत होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  म्हाळसा असती तर काय बोलावं ते तिला सुचलं असतं.

"ऊठ," मी म्हणालो. "आत जा. लातूरवाले, धाराशिववाले, समद्यांस्नी भेट. कार्ड दी आपलं. आजच्या दिसाला लोकं नाव ध्येनात ठेवत्यात, उद्या इसरत्यात."

"माझ्याकडे कार्ड नाहीत."

"माझ्या पिशवीत हायत. परवाच छापून आनलीत."

तिने ओढणी खाली केली. "यादीत नाव लागायच्या आधीच?"

"नसतं लागलं तर चुलीत घातली असती. जा आता."

ती गेली. दारातून मला दिसत होतं. आधी ती एका कोपऱ्यात उभी राहिली, मग अण्णारावांनी तिला हाताला धरून एकेका टेबलाशी नेलं. ती हसत होती. डोळे लाल होते, पण हॉलच्या दिव्यात ते कुणाला कळलं नसेल.

मग लघुलेखकाने मला हाक मारली. जबानी छापून झाली होती. नमुना म्हणून ती सगळ्यांना द्यायची होती, आणि नमुना पूर्ण हवा म्हणून खाली साक्षीदाराची सही हवी होती. रिवाजाप्रमाणे त्याने मला सगळी वाचून दाखवली. शेवटी विचारलं, "बरोबर?"

कोर्टात या ठिकाणी साक्षीदाराला दुरुस्ती सांगता येते. कितीतरी जणांना मीच सांगितलं आहे, की आत्ता सांगा, मग उपयोग नाही.

"बरोबर," मी म्हणालो आणि बिरुदेव अशी सही केली.

त्याच्या झेरॉक्स काढल्या, पिना मारल्या आणि मी दारात टेबल लावून उभा राहिलो. शिबिर संपत आलं होतं. कोनापुरे साहेब घाईने गेले, जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. वकील बाहेर पडताना एकेक प्रत घेत होते, घडी करून कोटाच्या खिशात टाकत होते. कुणी चालता चालता वाचत होते. सगळ्यांच्या प्रतीत ती ओळ होती.

धाराशिवचे एक वयस्कर वकील थांबले. त्यांनी आपलं कार्ड माझ्या हातात दिलं.

"आमच्याकडे पुढच्या वर्षी शिबिर आहे. याल का साक्षीदार म्हणून? जाण्यायेण्याचं आम्ही बघू."

"बगू की, सायेब."

"फार छान काम केलंत हो. काही करत नव्हती म्हणालात ना, मला खरंच वाटलं. आज घरी गेल्यावर बायकोला सांगा, तुझ्या नवऱ्याला वकिलांनी टाळ्या वाजवल्या."

मागे रांग थांबली होती.

"सांगतो की," मी म्हणालो, आणि पुढच्या माणसाच्या हातात प्रत दिली.